खलनायकाला घाई नसते

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यांवर पाच-दहा मिनिटं मस्करी चालते, ती कधी नीट ऐकावी. नकला होतात, पण नायकाची नक्कल कुणी करत नाही. कुणी गब्बर होतो, कुणी मोगॅम्बो, आणि सगळ्यात जास्त वेळा कुणीतरी निळू फुले होतो. ज्यांनी निळूभाऊंचा एकही सिनेमा थिएटरात पाहिलेला नाही अशी विशी-बाविशीतली पोरंसुद्धा. ही नक्कल बघण्यासारखी असते. शब्द सर्वांत शेवटी येतात. आधी मान किंचित तिरकी होते, पापण्या अर्ध्यावर उतरतात, कंपनीच्या पँटवरच हात नसलेल्या धोतराचा सोगा सावरतो आणि मग माणूस थांबतो. त्या थांबण्यालाच पहिलं हसू येतं. वाक्य मागाहून आलं काय, न आलं काय.

खलनायक लोकांना इतका का आवडतो हे उलगडायचं, तर त्या थांबण्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

पडद्यावर सत्ता दाखवायची सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे कोण कुणासाठी ताटकळतो ते दाखवणं. नायक धावत असतो. बहिणीच्या लग्नाला, कोर्टाच्या तारखेला, सुटत्या एसटीला. खलनायक बसलेला असतो. झोपाळ्यावर, लोडाला टेकून, नाहीतर जीपच्या पुढच्या सीटवर. लोक त्याच्याकडे येतात. त्याला काही विचारलं तर तो आधी पान लावतो, तंबाखू मळतो, आणि तेवढ्यात समोरचा उभ्या जागी अर्धा खचतो. आता दिवसभर थंब लावून, मिनिटामिनिटाचा हिशेब देऊन आलेल्या माणसाला हे दृश्य कसं दिसत असेल? पाच मिनिटं उशीर झाला तर सुपरवायझरची नजर चुकवत आत शिरावं लागतं. वाड्यावरच्या माणसाची चोरी, खून, बाईवरची वाईट नजर यातलं काही त्याला नको असतं. पण तो निवांतपणा मात्र हवा असतो. स्वतःच्या वेळेवर स्वतःची मालकी असलेला माणूस बघणं हीच एक चैन आहे.

'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी आठवा. 1983 सालचा सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची. सदाशिव अमरापूरकरांना त्यात फार थोडी दृश्यं आहेत, पण सिनेमा संपल्यावर मनात तोच उरतो, कारण सगळा सिनेमाभर ओम पुरींचा अनंत वेलणकर आतून उकळत असतो आणि हा माणूस आवाजही चढवत नाही. याच अमरापूरकरांनी पुढे 'सडक'मध्ये (1991) महाराणी रंगवली, अगदी उलट टोकाची, भडक आणि किंचाळणारी. फिल्मफेअरनं खलभूमिकेसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिला मान त्या महाराणीला मिळाला. मला विचाराल तर रामा शेट्टीची भीती अजून जात नाही, महाराणीची केव्हाच गेली.

पण नुसतं बसून राहिलेल्या माणसाभोवती गोष्ट तयार होत नाही. खलनायकाला काहीतरी हवं असतं, आणि ते मिळवायला तो डाव टाकतो. नायकाला बहुतेक वेळा आहे ते टिकवायचं असतं. घर, इज्जत, शेत. म्हणजे पहिली चाल नेहमी खलनायकाची. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका इथून जवळच, करवीर तालुक्यातल्या वसगड्यात चित्रित व्हायची. तिचा नायक राणादा तालमीत रमलेला, साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्यावर सोडलं असतं तर मालिका दोन आठवड्यांत आटोपली असती. तिला 2016 ते 2021 चालवलं ते नंदिता वहिनीसाहेबांनी. इस्टेटीवरची त्यांची नजर, रोजचा नवा बेत, वरून 'वहिनीसाहेब' म्हणून मिळणारा मान. घराघरांतल्या बायका त्यांना शिव्या घालत आणि दुसऱ्या दिवशी त्यांची पैठणी आणि त्यांचे दागिने यांवर बोलत. गोष्ट जो पुढे ढकलतो त्याच्याकडे डोळे आपोआप वळतात. यात प्रेक्षकाच्या नीतीचा काही संबंध नाही.

आता भाषा. इथं थोडं जास्त रेंगाळतो, कारण हा माल इथलाच आहे.

या एमआयडीसीचा एक भाग कागल तालुक्यात पडतो, दुसरा हातकणंगल्यात. तळंदगे ओलांडलं की पट्टणकोडोली, हुपरी. पट्टणकोडोली म्हटलं की लोकांना विठ्ठल-बिरदेवाची जत्रा आणि तिथला भंडारा आठवतो. पण 1926 साली याच गावात शंकर पाटील जन्मले. 'वळीव', 'धिंड' या कथांचे, आणि गावातल्या पाटीलकीच्या दहशतीवरच्या 'टारफुला' या कादंबरीचे लेखक. 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य त्यांचंच. त्यात निळू फुले रंगमंचावर गाजले आणि तिथून सिनेमात आले. 1968 सालचा, अनंत माने यांचा 'एक गाव बारा भानगडी' हा निळूभाऊंचा पहिला सिनेमा, तोही शंकर पाटलांच्या लेखणीतला. त्यातल्या झेले अण्णानं मराठी सिनेमाला पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा खलनायक दिला. निळूभाऊ स्वतः पुण्याचे. पण त्यांच्या तोंडी जी बोली बसली, तिची मुळं या कंपन्यांच्या शेडपासून फार लांब नाहीत.

त्या बोलीत खलनायकाला काय मिळतं? आदर. कोल्हापूरकडच्या बोलण्यात पाहुणचार सक्तीचा असतो. दुष्मन दारात आला तरी आधी पाणी, मग चहा, मग विषय. क्रियापदाला 'सा' लावून समोरच्याला मान दिला जातो: आलासा, बसलासा, जेवलासा. शहरी सिनेमातला खलनायक धमकी देतो तेव्हा धमकीच देतो. इकडचा पाटील म्हणेल, 'बसा की मास्तर. च्या घ्या. पोरगं कितवीला हाय तुमचं?' वाक्य माझं आहे, कुठल्या सिनेमातलं नाही, पण या तीन तुकड्यांत शिवी नाही, आवाज नाही, आणि शेवटचा प्रश्न ऐकून मास्तरांच्या पोटात गोळा येतो. गावात वाढलेल्या कुणालाही तो प्रश्न कुठून येतो ते बरोबर कळतं. नायकाची भाषा बहुतेक वेळा पुस्तकी, धुतलेली असायची. खलनायक आपल्यासारखं बोलायचा. प्रेक्षकाला जवळचा कोण वाटणार?

यात निळूभाऊंच्या आवाजाचा वाटा मोठा. घोगरा, दबका, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. त्या काळातले इतर खलनायक मिशा पिळायचे, डोळे वटारायचे, गडगडाटी हसायचे. हे मात्र नजर तिरकी करून गप्प बसायचे. आवाज खाली गेला की प्रेक्षकाला पुढे झुकून ऐकावं लागतं, आणि एकदा तो झुकला की नटाच्या ताब्यात आला. कंपनीच्या मीटिंगमध्येही ही युक्ती चालते. खरा वजनदार साहेब माईक मागत नाही.

मोहिनीला आणखी एक गोष्ट लागते. खलनायकाची बाजू त्याच्या स्वतःच्या तोंडून यावी लागते. याचा मोठा धडा कोल्हापूर जिल्ह्यातल्याच आजऱ्याच्या लेखकानं दिला. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (1967) सगळ्यांना कर्णासाठी आठवते. पण त्या कादंबरीत दुर्योधनही स्वतःची कहाणी स्वतः सांगतो. एकदा माणूस 'मी' म्हणून बोलायला लागला की वाचकाला त्याच्या डोळ्यांतून बघावं लागतं, मनात असो वा नसो. तो बरोबर ठरत नाही, पण कळायला लागतो.

'सामना'मधला निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे-पाटील हे याचं सगळ्यात पक्कं उदाहरण. रामदास फुटाणे यांची निर्मिती, लेखन तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. 1975 साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला. हिंदुराव साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. दारूत बुडालेला एक गांधीवादी मास्तर, म्हणजे श्रीराम लागू, त्याच्या मुलखात येऊन पडतो, आणि हिंदुराव त्याला घरी आणतो, खाऊ घालतो, प्यायला देतो. हा माणूस खोटा नाही. कारखाना त्यानं उभा केलाय, लोकांना कामाला लावलंय, आणि त्याचा त्याला खरा अभिमान आहे. ज्या भागात साखर कारखान्याच्या चेअरमनचं नाव आमदाराच्या आधी घेतलं जातं, तिथल्या प्रेक्षकाला हिंदुराव परका कसा वाटेल? त्याच्याबद्दल आपण मनात काय म्हणतो हेही ठरलेलं असतं: आहे खरा खवीस, पण कामं करतो. हिंदुराव आवडतो तो या 'पण'मुळे. आपल्या तोंडात रोज असलेला 'पण' तो पडद्यावर आणून ठेवतो.

2020 साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या रिबेका क्राउझ आणि डेरेक रकर यांनी याच स्वभावावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांना दिसलं ते असं: काल्पनिक खलनायकांपैकी स्वतःशी मिळताजुळता जो असेल, त्याच्याकडे माणसं ओढली जातात, प्रत्यक्षातला वाईट माणूस मात्र आपल्यासारखा निघाला तर ती अस्वस्थ होतात. गोष्ट खोटी आहे एवढी खात्री असली की स्वतःच्या काळ्या बाजूकडे बघायला माणूस घाबरत नाही.

आणि गोष्टीचा शेवट आधीच माहीत असला तर भीती आणखी उतरते. कोकणातल्या दशावतारात संकासुर येतो: काळा वेष, तोंडावर काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लाल जीभ. यानं वेद चोरलेत, आणि विष्णू याला मारणार हे मांडवातल्या लहान पोराला ठाऊक असतं. तरी वाट बघितली जाते ती संकासुराची. बाकीचे देव भारदस्त बोलतात, हा पठ्ठ्या अस्सल मालवणीत चेष्टा करतो. 'रात्रीस खेळ चाले'नं नेमका हाच डाव साधला. 2016 साली पहिला भाग सुरू झाला तो अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. 2019 साली दुसरा भाग आला, त्यात काळ मागे नेऊन अण्णांचं जिवंतपणीचं राज्य दाखवलं. माधव अभ्यंकरांचे अण्णा बाईलवेडे, आपमतलबी, खुनी. पण हा माणूस कसा मरणार, मेल्यावर घराची काय दशा होणार, हे प्रेक्षकानं आधीच पाहून ठेवलेलं. शिक्षा आधी वसूल झाली होती. मग अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांची मजा बघायला कुणाला संकोच वाटेल?

पडद्याबाहेरचा नट हा तर वेगळाच विषय. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते, पुण्यात सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेले, पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत आणि सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंच्या बरोबरीनं राबलेले. गावोगावी बायका त्यांना बघून बोटं मोडायच्या, ही आठवण ते हसत सांगायचे आणि ती कामाची पावती समजायचे. हिंदी सिनेमात तर बाजारानंही ही पावती फाडली: 'शोले'नंतर संवादांच्या तबकड्या विकल्या गेल्या, आणि गब्बरच्या वेषातल्या अमजद खानच्या हातून ग्लुकोज बिस्किटांची जाहिरात झाली. जय-वीरू जवळ असताना बिस्किटं विकायला डाकू निवडला गेला.

हे सगळं मान्य करूनही एका जागी माझं मन अडतं. 2020 साली आलेली 'देवमाणूस' ही मालिका साताऱ्याकडच्या खऱ्या हत्याकांडावर बेतलेली होती. किरण गायकवाडनं तो गोडबोल्या डॉक्टर झकास केला, यात वाद नाही. रुग्णाच्या घरी जाणं, म्हातारीची विचारपूस, तोंडातली साखर. वर सांगितलेली सगळी हत्यारं त्याच्या पेटीत आहेत. पण इथं शेवटच्या वजाबाकीत खरी माणसं येतात. मालिका संपल्यावर डॉक्टरचे संवाद तेवढे लोकांच्या तोंडी राहिले, बळी गेलेल्या बायका गोष्टीच्या बाहेर पडल्या.

'सामना'त असं होत नाही, आणि ते लेखनाच्या एका साध्या हिकमतीमुळे. हिंदुरावाचा पाहुणचार कितीही रंगात आला तरी मास्तर दर थोड्या वेळानं एकच प्रश्न काढतो: मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढं काय झालं? मोहन आगाशेंनी केलेला हा मारुती, फौजेतून परतलेला जवान, पडद्यावर फार वेळ नसतो. तरी त्याचं नाव शेवटपर्यंत कुणाला विसरू दिलेलं नाही. एखादं प्रकरण दडपलं गेलं की पन्नास वर्षांनंतरही वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत आणि विधानसभेतल्या भाषणांत हेच नाव निघतं.