मध्यरात्रीची थाप

वाचकहो, घरातील सर्व मंडळी गाढ झोपेत असावीत आणि अवेळी दारावर थाप पडावी. धडपडत उठून कडी काढावी, तो दाराशी पोलीस उभा! आपण घरी आहोत की नाही, एवढेच पाहून त्याने परत जावे; आणि हे एकदा नव्हे, वारंवार घडावे!

उत्तर प्रदेशातील खरक सिंग यांच्या वाट्याला हेच आले होते. १९४१ साली दरोड्याच्या एका प्रकरणात त्यांना धरण्यात आले व पुरावा नाही म्हणून सोडूनही देण्यात आले. तथापि पोलिसांच्या दप्तरातील त्यांचे नाव काही पुसले गेले नाही. त्यांच्यावर पाळत सुरू झाली. गाव सोडायचे तरी चौकीदाराला वर्दी देणे आले. अखेर त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली.

१९६२ च्या डिसेंबरात निकाल लागला. रात्री घरी येऊन चौकशी करणे घटनाबाह्य ठरले. बाकीची पाळत मात्र कायम राहिली, कारण खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेत नाही, असे बहुमत पडले. मग रात्रीची थाप तरी कोणत्या आधारावर बंद झाली, असा प्रश्न आपल्याला पडेल. तो रास्तच आहे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी, न्यायमूर्ती शहा यांच्यासह, वेगळे मत नोंदविले : घटनेत शब्द नसला तरी खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच आवश्यक घटक होय.

हे अल्पमत मान्य होण्यास जवळजवळ पंचावन्न वर्षे लागली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी 'आधार' योजनेस आव्हान दिले, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९५४ सालचा एक प्रतिकूल निकाल आठ न्यायाधीशांचा होता. म्हणून या वेळी नऊ बसले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला व त्याचे मुख्य स्थान एकविसाव्या कलमात दाखविले.

हा हक्क अमर्याद नाही. परंतु सरकारला त्यात हात घालायचा झाल्यास त्यास कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. याच कसोटीला धरून २०१८ साली 'आधार' योजना बहुमताने टिकली. बँकेच्या खात्याला व मोबाइलला तो क्रमांक जोडण्याची सक्ती मात्र रद्द झाली.

हा हक्क मुख्यतः शासनसंस्थेविरुद्ध आहे, हेही ध्यानात ठेवावे. मुलीचे पत्र फोडून वाचणाऱ्या वडिलांना आवर घालण्याचे काम अजून घरच्या मंडळींकडेच आहे!