तलाव भरलेला, तरी हंड्यातल्या पाण्याची काळजी

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा म्हणजे नागझिरा अभयारण्याच्या एका प्रवेशद्वाराचं गाव. शेजारी मातीच्या धरणाने अडवलेला तलाव आणि भोवताली धानाच्या बांध्या. पण धान पिकवणारं पाणी जसंच्या तसं पिता येत नाही. पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर उघड्यावरची घाण पिण्याच्या विहिरीत उतरते आणि मग गॅस्ट्रो, हगवण, कावीळ गावात शिरतात.

त्यावर स्वस्त उपाय म्हणजे टीसीएल, अर्थात ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १४ हजार लिटर भरतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने ३५ ग्रॅम ताजी पावडर लागते. बादलीत आधी तिची पेस्ट करायची, मग पाणी ओतून ढवळायचं. चुना तळाशी बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायची आणि पाणी हलवायचं. त्यानंतर तासभर कुणी पाणी भरायचं नाही.

पोतं उघडं राहिलं, दमट हवा लागली, की पावडरमधला क्लोरीन उडून जातो. पावडर टाकली जाते, पण जंतू मरत नाहीत! म्हणून विहिरीचं पाणी नळाने येत असेल, तर शेवटच्या घरच्या नळाला ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतात. नळीतल्या पाण्यात द्रावणाचे थेंब पडताच पिवळा रंग आला, तर क्लोरीन आहे. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

हातपंपाचं पाणी विहिरीपेक्षा सुरक्षित, कारण ते वरून झाकलेलं. हातपंपाच्या इतिहासात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. जालना आणि सोलापूर इथे मिशनऱ्यांनी दणकट पंप घडवले आणि सोलापूरच्या पंपावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' आला. मात्र ओटा फुटला, भोवती डबकं साचलं, की घाण पुन्हा खाली झिरपते. शिवाय क्लोरीनने जंतू मरतात, पण पाण्यात विरघळलेले क्षार किंवा विष जात नाही. बांगलादेशात जंतूंपासून सुटका म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या. १९९३ मध्ये त्यांच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. पाण्यातला दोष गावातच कळावा म्हणून २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना चाचणी संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे.

महाराष्ट्रात पावसाळ्याआधी आणि नंतर गावातले पाण्याचे स्रोत तपासून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. व्हॉल्व्हची गळती, उघडी टाकी, संपलेली टीसीएल यांवर ते ठरतं. आपल्या गावाला यंदा कोणतं कार्ड मिळालं आणि का, हे ग्रामसभेत कुणालाही विचारता येतं.