सेकंदाला सहा कोटी सहासष्ट लाख

मोजायला बसा. दर सेकंदाला एक आकडा. जेवण नाही, झोप नाही, गणपती नाही, दिवाळी नाही. असं सलग ७७१ दिवस, म्हणजे दोन वर्षं आणि वर एकेचाळीस दिवस मोजत राहिलात, की तुमची गिनती ६ कोटी ६६ लाखांवर पोचेल.

किवी-एसडीआर नावाची एक डबी आहे. जेवणाच्या डब्यापेक्षा लहान. ती हे काम एका सेकंदात उरकते. पुढच्या सेकंदाला पुन्हा ६ कोटी ६६ लाख. त्याच्या पुढच्या सेकंदालाही. तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत तिनं महाराष्ट्राच्या लोकसंख्येहून जास्त आकडे मोजून बाजूला ठेवलेले असतात.

ही डबी म्हणजे एक रेडिओ. २०१६ पासून ती जगभरच्या हौशी लोकांच्या घरांत पोचली आहे. गच्चीवर एक तार ताणायची, तारेची केबल खिडकीतून आत घ्यायची, डबीला जोडायची, आणि डबीच्या दुसऱ्या बाजूला घरातलं इंटरनेट लावायचं. तारेवर विजेचा जो सूक्ष्म दाब हेलकावतो, तो डबी सेकंदाला ६ कोटी ६६ लाखांहून जास्त वेळा मोजते. मग घरमालक दार उघडून देतो. ब्राझीलमधला, जपानमधला, नागपुरातला कुणीही आपल्या ब्राउझरमधून या घरात शिरतो आणि त्या गच्चीवरच्या तारेवर काय वाजतंय ते ऐकतो. तिकीट नाही, वर्गणी नाही. मालक झोपलेला असला तरी रेडिओ जागा.

आता या आकड्याला पैशांत बघू. प्रत्येक मोजणीला एक रुपया. सेकंदाला पावणेसात कोटींच्या जरा खाली. दिवसाला ५ लाख ७६ हजार कोटी रुपये! केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प होता ५० लाख ६५ हजार कोटींचा. संरक्षण, रेल्वे, रस्ते, खतं, पगार, निवृत्तिवेतन, व्याज, सगळं धरून. कुणाच्या तरी माळ्यावरची एक डबी तो नऊ दिवसांच्या आत फस्त करते.

रुपये नकोत, रेल्वे घेऊ. डबीतला प्रत्येक आकडा १४ बिटांचा. गुणाकार केला की दिवसाला १० हजार जीबीहून थोडा जास्त माल तयार होतो. मोबाइलवर रोज दीड जीबी मिळणारे ६,७२० लोक गोळा करा, त्यांचा दिवसभराचा सगळा डेटा एकत्र ओता, तेव्हा कुठे बरोबरी होते. सोळा डब्यांच्या वंदे भारतमध्ये १,१२८ आसनं असतात. तेव्हा हे लोक बसवायला सहा वंदे भारत लागतील, आणि सहाव्या गाडीत जेमतेम ४८ खुर्च्या रिकाम्या राहतील.

तरी अजून अंगावर काटा आला नसेल, तर कागदाची एक पट्टी घ्या. प्रत्येक मोजणीसाठी तिच्यावर एक बारीक रेघ, दोन रेघांमध्ये एक मिलिमीटर. डबी चालू केली. पहिल्याच सेकंदात पट्टी ६६ किलोमीटरच्या पुढे! सीएसएमटीहून पुण्याचं रेल्वेचं अंतर १९२ किलोमीटर. पट्टी तिथं पोचते तीन सेकंदांच्या आत. कल्याण नाही, कर्जत नाही, खंडाळ्याच्या घाटात मागून इंजिन लावणं नाही. आणि ती तिथं थांबत नाही. दिवसाअखेर पट्टीची लांबी होते ५७ लाख ६० हजार किलोमीटर. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे चंद्राला सात वेळा जाऊन परत, आणि आठव्यांदा पुन्हा चंद्रावर. सव्वीस दिवसांत पट्टी सूर्याला टेकते.

एवढी घाई कशासाठी? कारण या डबीला एकच स्टेशन ऐकायचं नाही. तिला १० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं ऐकायचं आहे, आणि सगळं एकाच वेळी. जुन्या रेडिओवर बटण फिरवलं की एक स्टेशन सापडायचं आणि बाकीची सुटायची. इथं काहीच सुटत नाही. आणि ३० मेगाहर्ट्झपर्यंतचं काही सुटू द्यायचं नसेल, तर सेकंदाला त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. हा नियम गणितवाल्यांनी सिद्ध करून ठेवला आहे. तो आपण मान्य करू आणि त्या जाळ्यात काय काय सापडतं ते पाहू.

वरच्या टोकाची लाट १० मीटरची. रेल्वेच्या डब्याच्या निम्मीही नाही. खालच्या टोकाची लाट ३० किलोमीटरची. एक लाट! सीएसएमटीला सुरू होऊन ठाणं जवळ येईपर्यंत एकच लाट. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात आयएनएस कट्टबोम्मन हा नौदलाचा तळ आहे. समुद्रात बुडी मारलेल्या पाणबुड्यांशी तो १८.२ किलोहर्ट्झवर बोलतो. त्याची लाट साडेसोळा किलोमीटरची, कुर्ला मागे टाकूनही न संपणारी. पुणे आकाशवाणीचं मध्यम लहरींवरचं केंद्र ७९२ किलोहर्ट्झचं. त्याची लाट ३७८ मीटरची. सोळा डब्यांची वंदे भारत ३८४ मीटरची! म्हणजे पुणे केंद्राची एकेक लाट एकेका वंदे भारतएवढी, आणि अशा ७ लाख ९२ हजार गाड्या दर सेकंदाला तुमच्या डोक्यावरून जातात. शिट्टी नाही, धडधड नाही.

आणखी एक आकडा, मला फार जवळचा. ४२.३४ मीटर. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला, तो या लांबीच्या लाटेवर. पोलिसांना चुकवण्यासाठी जागा बदलत बदलत त्यांनी ते केंद्र नोव्हेंबरपर्यंत जिवंत ठेवलं, आणि मग त्या पकडल्या गेल्या. ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७,०८० किलोहर्ट्झ, बरोबर या डबीच्या टापूत. त्या वेळी असा रेडिओ जगात चार-दोन घरांत जरी असता, तरी तो आवाज लंडनपासून सिंगापूरपर्यंत कुणी कुणी ऐकला असता, या विचारानं मी अजूनही थरारतो.

पडद्यावर हा सगळा टापू रंगीत धबधब्यासारखा खाली झिरपत दिसतो. जिथं सिग्नल तिथं उजळ रेघ. धबधबा मोठा करत गेलं की शेवटी तो मूळच्या १६,३८४ पट मोठा होतो. तुमच्या लॅपटॉपचा पडदा ३० सेंटीमीटर रुंद असेल, तर या मापानं सगळा टापू उलगडायला जवळजवळ पाच किलोमीटरचा पडदा लागेल. सीएसएमटीला एक टोक बांधा, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा मागे टाका, दुसरं टोक चिंचपोकळीला बांधा. आणि त्या पाच किलोमीटरवर तुम्ही बोट ठेवाल तिथं काहीतरी ऐकू येण्याची शक्यता.

पण ऐकणाऱ्याकडे एवढं सगळं पाठवायचं म्हटलं तर घरचं इंटरनेट गुदमरेल. म्हणून डबी प्रत्येकाला फक्त त्यानं मागितलेला घास भरवते. ऐकणाऱ्याच्या कानाला सेकंदाला १२ हजार आकडे पुरतात. मोजलेल्या दर ५,५५५ आकड्यांमागे बाहेर जातो एक. तरीही त्या बारा हजारांत माणसाचा आवाज, सतारीची तार, जहाजाचा इशारा सगळं शाबूत! एका डबीवर चार जण, थोडी तडजोड केली तर आठ जण एकाच वेळी बसतात, आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचं बटण. एक जण पुण्याची मध्यम लहर ऐकतोय, दुसरा विमानांची बोलणी, तिसरा मोर्सची कडकट्ट. तार एकच. कुणाचा वाटा कुणामुळे कमी होत नाही.

नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेला ट्वेंट विद्यापीठात तर असाच एक रेडिओ एकाच वेळी शेकडो लोकांना पुरतो. त्याचा अँटेना हाताच्या पंजाएवढा. तोच पंजा किलोमीटर-किलोमीटर लांबीच्या लाटाही पकडतो. या मंडळींच्या डोक्यात ही कल्पना मुळात आली ती ड्विंगेलोच्या २५ मीटर व्यासाच्या जुन्या रेडिओ दुर्बिणीमुळे. हौशी लोक चंद्रावर सिग्नल आपटून त्याचा प्रतिध्वनी तिच्यातून ऐकतात. जाऊन-येऊन पावणेआठ लाख किलोमीटरच्या जरा खाली, वेळ अडीच सेकंद. तो प्रतिध्वनी ज्यांच्या घरी एवढी मोठी तबकडी नाही, त्यांनाही मिळावा, ही इच्छा. त्यातून ब्राउझरमधला रेडिओ जन्मला.

आतापर्यंत आपण मोठे होत गेलो. आता उलट्या दिशेनं उतरू. मला विचाराल, तर खरी भोवळ इथं येते.

बेंगळुरूला आकाशवाणीनं ५०० किलोवॉटचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपक उभारले. पाच लाख वॉट! रेडिओच्या मीटरवर काटा ९ वर गेला, की हौशी माणूस म्हणतो, काय दणदणीत सिग्नल आहे. त्या दणदणीत सिग्नलची ताकद किती? एका वॉटचे दोन हजार कोटी भाग करा, त्यातला एक. मघाचा तो अर्थसंकल्प आठवा. असे १९७ अर्थसंकल्प एकावर एक रचा. ती झाली बेंगळुरूची ताकद. त्यातला एक रुपया उचला. तो तुमच्या तारेवर पोचला. आणि त्या एका रुपयात बातम्या स्पष्ट ऐकू आल्या!

हा एक रुपया विहिरीवर कामाला लावू. दहा मीटर खोल पाणी, दहा लिटरचा पोहरा. तुम्ही-आम्ही तो अर्ध्या मिनिटात ओढून काढू. हा दणदणीत सिग्नल एक थेंबही शक्ती वाया न घालवता पोहरा ओढायला बसला, तर काठावर पाणी यायला सहा लाख वीस हजार वर्षं लागतील. आधुनिक माणूस पृथ्वीवर यायच्या आधी सुरुवात करावी लागली असती.

आणि हा ९ चा काटा झाला. शांत जागी, रात्रीच्या वेळी, कानात प्राण आणून बसलेला हौशी माणूस काटा १ वर असतानाही ऐकतो. ती ताकद आणखी ६३ हजार पट कमी. त्या सिग्नलनं पोहरा ओढायचा, तर ३,९०० कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. विश्व जन्मल्या क्षणी दोराला हात घातला असता, तरी आज पोहरा अजून साडेतीन मीटरवरच लोंबकळत असता.

याच्याही खाली लोक उतरले आहेत. दुहेरी ताऱ्यातल्या पल्सारसाठी १९९३ चं नोबेल मिळवणारे जोसेफ टेलर हे स्वतः हौशी रेडिओवाले. त्यांनी २००८ मध्ये विस्पर नावाची एक पद्धत काढली. त्यात एक निरोप ५० बिटांचा, म्हणजे माझं बोधनाव अमुक, माझी जागा तमुक, माझी ताकद इतकी. तेवढं सांगायला जवळजवळ दोन मिनिटं. पण बदल्यात काय मिळतं? भोवतालचा खरखराट सिग्नलच्या सहाशे पट मोठा असला, तरी निरोप उलगडतो. दादरच्या फलाटावर संध्याकाळी सहाशे जण एकदम ओरडताहेत आणि त्यात तुम्ही एकाचं नाव ओळखता! किवीच्या डबीत हे ओळखणं आधीच बसवलेलं आहे. मालकाला वेगळं काही करावं लागत नाही.

दोन मोजण्यांमध्ये वेळ किती जातो? सेकंदाचे शंभर कोटी तुकडे करा, त्यातले १५. एवढ्या वेळात प्रकाश, ज्याच्यापुढे कुणी धावत नाही, तो जेमतेम साडेचार मीटर सरकतो. लाट सीएसएमटीहून रुळांच्या वाटेनं पुण्याला पोचेपर्यंत डबीनं ४२ हजार ६०० वेळा मोजलेलं असतं. डबीत जीपीएसचा ग्राहकही आहे. २० हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांवरून ती आपलं घड्याळ लावून घेते. मग वेगवेगळ्या देशांतल्या पाच-सहा डब्या एकच सिग्नल ऐकतात, कुणाकडे तो किती आधी पोचला ते ताडून पाहतात, आणि लपलेला प्रक्षेपक नकाशावर कुठल्या भागात असावा ते सांगतात. एका मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे ३०० मीटर. एकमेकांना कधी न भेटलेली पाच-सहा घरं, आणि सगळ्यांचं घड्याळ एक.

अशी घरं जगात शेकडो आहेत. हिशेबासाठी ५०० धरू, आणि सगळ्यांच्या पट्ट्या एकीला एक जोडू. एका सेकंदात पट्टी ३३ हजार किलोमीटरच्या पुढे. मुंबई-पुणे १७३ वेळा, एका सेकंदात! केंद्राचा वर्षाचा अर्थसंकल्प २५ मिनिटांत साफ. चंद्र बारा सेकंदांच्या आत. हा वेग प्रकाशाच्या वेगाचा नववा हिस्सा आहे. गच्च्यांवरच्या तारा, माळ्यांवरच्या डब्या, आणि प्रकाशाचा नववा हिस्सा! डेक्कन क्वीन सीएसएमटीहून सुटून पुण्याच्या फलाटाला लागायला तीन तास दहा मिनिटं धरा. गाडीनं शिट्टी दिली, पट्टी सुटली. गाडी कल्याणच्या पुढे घाटाकडे निघाली असेल, तेव्हा पट्टी सूर्यावर. गाडी घाट चढून लोणावळ्याच्या पुढे गेली, तोवर पट्टी सूर्याला टेकून घरी परत. आणि गाडी पुण्याला लागून लोक उतरायला लागले, तेव्हा पट्टी दुसऱ्यांदा सूर्याकडे निघून अर्धी वाट ओलांडूनही गेलेली!