पंखांची सोयरीक

पावसाळा लागला की आमच्या सारोळ्यात संध्याकाळी ओसरीवर दिवा लावायची सोय नाही. नीरेकाठचे किडे-पाखरे झाडून तिथे गोळा होतात. अशाच एका संध्याकाळी नुकतीच दहावी झालेली पुतणी म्हणाली, "काका, मी सायन्सला जात नाही. मी मराठी शाळेतली. ते इंग्रजी शब्द मला पाठ व्हायचे नाहीत."

शब्द कोणते, तर कोलिऑप्टेरा, लेपिडोप्टेरा, डिप्टेरा! मी म्हटले, "अगं, हे इंग्रजी नव्हेत, ग्रीक आहेत. पाठ कशाला करतेस? दिव्याकडे बघ."

'प्टेरॉन' म्हणजे पंख. भुंगेऱ्याचे वरचे पंख म्यानासारखे कडक, म्हणून तो कोलिऑप्टेरा. फुलपाखरू धरले की बोटांना लागते ती भुकटी म्हणजे बारीक खवले. म्हणून ते लेपिडोप्टेरा, खवलेपंखी. माशीला आणि डासाला पंख दोनच, म्हणून डिप्टेरा. कीटकांचे हे गण लिनीअसने 1758 च्या आपल्या ग्रंथात मांडले. वटवाघूळ हाताच्या लांब बोटांवर पडदा ताणून उडते, म्हणून ते कायरॉप्टेरा, म्हणजे हातपंखी. आणि हेलिकॉप्टर? त्याची फोड 'हेलि' आणि 'कॉप्टर' अशी नाही. 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टेर' म्हणजे पंख!

खरी गंमत पुढेच आहे. संस्कृतात 'पत्' म्हणजे उडणे, पडणे. त्यातून 'पत्र' आले. त्याचा अर्थ आधी पंख किंवा पीस, मग झाडाचे पान आणि पुढे पानावर लिहिलेली चिठ्ठी. ग्रीक 'प्टेरॉन' आणि हे 'पत्र' एकाच मुळाचे, असे भाषाशास्त्र सांगते. दिव्यावर झेपावणारा पतंगही त्याच घरातला. ग्रीकांनी नेच्याला 'प्टेरिस' म्हटले, कारण त्याचे पान पिसासारखे. वनस्पतिशास्त्रातला टेरिडोफायटा तो हाच. पिसावरून पानावर दोन्ही भाषा गेल्या, आपापल्या वाटेने.

"म्हणजे लग्नपत्रिका आणि लेपिडोप्टेरा नातेवाईक?" पुतणी हसत म्हणाली. म्हटले, "लांबचे, पण सख्ख्या रक्ताचे!"

तिने सायन्सचा अर्ज भरला. इंग्रजीतून शिकण्याचे कष्ट एवढ्याने टळणार नाहीत, हे मलाही कळते. पण कष्टांना घाबरून मागे फिरणे वेगळे आणि शब्द आपले नाहीत म्हणून दारातूनच परतणे वेगळे. आपल्या घरी कुणी असे दारात थबकले असेल, तर एकदा त्याच्याबरोबर बसून शब्दाची फोड करून पाहा. आत आपलेच कुणीतरी भेटेल.