सळई पुन्हा भट्टीत?

गेल्या उन्हाळ्यात टेंभुर्णीला गेलो, तेव्हा पुतण्यानं माझ्या कानात इअरफोन कोंबले. "काका, डोळे मिटा. एकच गाणं दोनदा लावतो. चांगलं कोणतं ते सांगा." गाणं हेवी मेटलचं, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं. पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा मात्र गिटार कानात भरून राहिली. सगळं कसं ठसठशीत, जवळ आल्यासारखं. मी लगेच दुसऱ्याला मत दिलं. "ते रीमास्टर केलेलं," पुतण्या म्हणाला आणि हसला. मग त्यानं तोच खेळ पुन्हा मांडला. फरक एवढाच की या वेळी रीमास्टरचा आवाज दोन टप्पे खाली आणला. आता माझा कौल फिरला. पहिल्यात ड्रमचा प्रत्येक ठोका छातीवर येत होता. दुसऱ्यात तोच ड्रम गिटारच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिल्यासारखा वाटत होता.

माझा कान दहा मिनिटांत का फितूर झाला, यात एक जुना वाद दडलेला आहे: अभिजात मेटल अल्बम रीमास्टर केल्यानं सुधारतात की बिघडतात?

लोखंडातून निघालेला आवाज

आमच्या जालना जिल्ह्यात 'हेवी मेटल' म्हटलं की संगीताआधी सळई आठवते. शहरातल्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून सळया बाहेर पडतात. गंमत म्हणजे या संगीताचा जन्मही अशाच एका गावचा. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. तिथल्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा १९६५ मध्ये नोकरीचा शेवटचा दिवस भरत होता. यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चढवलं आणि पातळ तारा वापरायला सुरुवात केली. पुढे तारा सैलही केल्या. 'ब्लॅक सबाथ' या त्याच्या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मधल्या बऱ्याच गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवलेली आहे. सर्वांत जाड तार एरवी सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते; ती इथं ६९ वर आली. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे तेवढ्यानं तारेवरचा ताण जवळपास ३० टक्क्यांनी उतरतो. दुखऱ्या बोटांना आराम मिळाला आणि आवाजाला वजन आलं.

हा आवाज साठवला जायचा तोही लोखंडावरच. ध्वनिफीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर. गंजाचाच सख्खा भाऊ म्हणा ना! त्या थरातल्या कणांच्या चुंबकीय रचनेत अख्खा अल्बम बसतो.

मिक्स वेगळं, मास्टर वेगळं

गिटार, ड्रम, गायन हे सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित होतं. त्यांचं प्रमाण ठरवून दोन वाहिन्यांत ओतणं म्हणजे मिक्सिंग. ही भट्टी. एकदा रस ओतला की त्यातून भंगाराचे तुकडे वेगळे काढता येत नाहीत. मास्टरिंग म्हणजे त्यापुढचं रोलिंग: ओतलेल्या मालाला शेवटचा आकार देणं, कुठं खर्ज वाढवायचा, कुठं चरचर कमी करायची, एकूण पातळी किती ठेवायची हे ठरवणं. रीमास्टर म्हणजे तयार बिलेटवर पुन्हा रोलिंग.

हा भेद ध्यानात घेतला की बऱ्याच तक्रारींचा निकाल लागतो. मेटॅलिका या बँडच्या १९८८ च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. २०१८ मध्ये अल्बम रीमास्टर झाला तरी बास तिथंच राहिला, कारण चूक म्हणा की निवड म्हणा, ती मिक्सिंगमध्येच झाली होती. उलट मेगाडेथ या बँडचा १९९० चा 'रस्ट इन पीस' २००४ मध्ये पुन्हा मिक्स झाला. गायनाचे काही मूळ ट्रॅक सापडेनात, म्हणून बँडचा गायक डेव्ह मस्टेननं ते भाग नव्यानं गायले. गायक ऑझी ऑस्बोर्नच्या पहिल्या दोन अल्बमांचं तर २००२ मध्ये याहून पुढं गेलं: मूळ वादकांचे बास आणि ड्रम काढून दुसऱ्यांकडून वाजवून घेतले गेले. चाहते खवळले आणि २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं. वेष्टनावर काहीही छापलेलं असो, याला रीमास्टर म्हणत नाहीत.

खरा फायदा कुठं?

रीमास्टरिंगची गरज खरोखर असते, ती तबकडीच्या मर्यादांमुळे. एलपीच्या खोबणीत खर्जाचे स्वर रुंद जागा खातात. म्हणून कापताना खर्ज दाबायचा आणि वाजवताना यंत्रानं तो परत उचलायचा, असा ठरलेला आलेख १९५० च्या दशकापासून वापरात आहे. त्याशिवाय सुई उडू नये, एका बाजूला वीसेक मिनिटं बसावीत, म्हणून तबकडीसाठीच्या टेपमध्ये खर्ज आणि तीव्र स्वर आणखी आवरले जायचे. १९८२ मध्ये सीडी आली आणि जुने अल्बम घाईघाईनं तिच्यावर चढवताना अनेकदा हीच तबकडीसाठी आवरलेली टेप वापरली गेली. कित्येक जुन्या सीडी किरट्या वाटतात त्या यामुळे. मूळ मिक्सची टेप शोधून, चांगल्या यंत्रावर तिचा वेग आणि हेडचा कोन नीट जुळवून नवी प्रत केली, तर दबलेला आवाज मोकळा होतो.

यात उशीर मात्र परवडत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक टेपांमधला चिकट थर हवेतली आर्द्रता शोषून घेतो आणि फीत यंत्राला चिकटू लागते. मग ती पन्नासेक अंशांच्या मंद उबेत काही तास अक्षरशः भाजावी लागते आणि ओल गेली की लगेच तिची प्रत काढून घ्यावी लागते.

बिघडतं कुठं?

सीडीवर आवाज आकड्यांत साठतो: सेकंदाला ४४,१०० नोंदी आणि प्रत्येक नोंदीला ६५,५३६ पायऱ्या. सर्वांत वरच्या पायरीपुढे काहीच नाही. ते पक्कं छत. मग आवाज आणखी मोठा करायचा तर उपाय एकच: उंच शिखरं छाटायची आणि उरलेलं सगळं वर उचलायचं. हे काम करणाऱ्या साधनाला लिमिटर म्हणतात. माणसाचा कान किंचित मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजतो. आवाज वाढला की खर्ज आणि तीव्र स्वर प्रमाणाबाहेर खुलतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. टेंभुर्णीत माझा कान फसला तो इथं.

पण मेटलमध्ये आधीच एवढी विकृती असते, आणखी थोड्या छाटणीनं काय बिघडतं? मेख इथंच आहे. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर तरंगांची शिखरं कापतो तेव्हा तो एकट्या गिटारचीच कापतो. त्यातून स्वरांचे नवे उपस्वर जन्मतात आणि हवा तो खरखरीत रंग मिळतो. या कापाकापीमुळे गिटारची पातळी सपाट, सलग असते. तिच्यावर उठून दिसतो तो ड्रमचा क्षणिक ठोका. पूर्ण मिश्रणाची शिखरं छाटायला गेलं की कात्री सर्वांत आधी त्याच ठोक्यावर चालते. वर सगळ्या वाद्यांचे तरंग एकमेकांत मिसळून बेसूर उपस्वर निघतात ते वेगळेच. म्हणजे सतारीच्या जवारीची शान एकीकडे आणि फाटक्या लाउडस्पीकरची चरचर दुसरीकडे.

मेटॅलिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'नं हे जगाच्या चव्हाट्यावर आणलं. तो रीमास्टर नव्हता, नवाच अल्बम होता. पण त्याचीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात मिळत होती. चाहत्यांनी दोन्ही ताडून पाहिली आणि सीडीपेक्षा गेम बरा ठरला. हजारो लोकांनी अल्बम पुन्हा मिक्स करावा म्हणून सह्या केल्या. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सननंही सांगितलं, की माल त्याच्या हाती आला तेव्हाच ठेचलेला होता.

आपल्याकडच्या बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांचंही याहून वेगळं नाही. सुईची खरखर पुसायची म्हणून तीव्र स्वरांचा पट्टाच खरवडला, तर गायकाचा श्वास आणि सारंगीचा कसही त्यासोबत जातो. थोडी खरखर परवडली.

मग ऐकायचं कोणतं?

मेटलचं वजन मोठ्या आवाजात नसतं. ते मोठ्या आणि लहान आवाजांमधल्या अंतरात असतं. हे अंतर राखून टेपच्या जवळ नेणारा रीमास्टर घ्यावा. निव्वळ जोर वाढवणारा सोडून द्यावा. दोन्ही ओळखायची कसोटी पुतण्याचीच: आवाजाची पातळी जुळवा आणि मग तुलना करा. लाऊडनेस मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ मध्ये ठरली आणि आता मोठ्या स्ट्रीमिंग सेवा हे जुळवण्याचं काम स्वतःच करतात. ओरडणारं गाणं आपोआप खाली आणलं जातं. छाटलेली शिखरं मात्र परत येत नाहीत.

निघताना पुतण्याच्या मोबाइलमध्ये पाहिलं, तर त्या अल्बमच्या दोन्ही आवृत्त्या. म्हटलं, "एवढं मला पटवून दिलंस, मग ही दाबलेली कशाला ठेवलीस?"

"घरी जुनी ऐकतो, काका," तो म्हणाला, "पण जालन्याला जाताना एसटीत जुनीतलं हळू वाजणारं काहीच ऐकू येत नाही. तिथं ही नवीच कामाची."

इंजिनाच्या घरघरीत हळुवार जागा बुडतात आणि सपाट केलेलं गाणं तेवढं वर तरंगत राहतं. शास्त्र त्याच्याच बाजूचं होतं. खिडकीच्या खडखडाटातून जालन्यापर्यंत मीही तेच ऐकत आलो.