चेन खरेच ताणते का?

हिंजवडीच्या धुळीतून रोज सायकलने कामावर जाणाऱ्यापुढे प्रश्न असतो: त्याच पैशांत शिमानोचे नवे, मध्यम दर्जाचे '१०५' भाग घ्यावेत, की वापरलेले उंची 'ड्युरा-एस'?

उंची भागांत आपण मुख्यतः हलकेपणाचे पैसे देतो, टिकाऊपणाचे नव्हे. ड्युरा-एसची मागची मोठी दातेरी चक्रे टायटॅनियमची असतात. ती पोलादी चक्रांपेक्षा लवकर झिजतात.

चेन 'ताणली' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात धूळमिश्रित तेलाने पिनांचे सांधे झिजून सैल होतात व लांबी वाढते. नव्या चेनच्या लगतच्या दोन पिनांत अर्धा इंच अंतर असते. अशी २४ अंतरे म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. हे माप ३०६.३ भरले, तर झीज अर्धा टक्का झाली, चेन बदलावी. उशीर केल्यास दातेही झिजतात आणि त्यांवर नवी चेन घसरते.

म्हणून चेन व चक्रे नवीच घ्यावीत. जुना क्रँकही तपासूनच घ्यावा: २०२३ मध्ये शिमानोने काही ड्युरा-एस व अल्टेग्रा क्रँक, चिकटवलेला सांधा सुटण्याच्या शक्यतेमुळे, तपासणीसाठी मागवले होते.

विद्यार्थ्यांच्या साध्या सायकलींच्या चेनमध्येही पिनांतील अंतर अर्धा इंचच असते. वर्गात पट्टी घेऊन मोजून पाहू या!