दोन ‘सीटी’ आणि रक्ताचा रिपोर्ट : कोरोनातले आकडे कसे वाचावेत?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आपल्या वस्त्यांमध्ये फोनवर एकच प्रश्न विचारला जात होता : ‘सीटी किती आला?’ कोणी अठरा सांगे, कोणी बावीस. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येई. खरे तर या एका शब्दाखाली दोन वेगळे आकडे फिरत होते. एक, नाक-घशाच्या स्वॅबच्या आरटीपीसीआर तपासणीतला सीटी व्हॅल्यू. दुसरा, छातीच्या सीटी स्कॅनवरून २५ पैकी दिला जाणारा स्कोर. पहिला आकडा जितका कमी, तितका नमुन्यात विषाणू जास्त. दुसरा जितका कमी, तितकी फुप्फुसाची इजा कमी. दोहोंचा अर्थ उलटा, आणि नाव मात्र एक!

या गोंधळाची किंमत हातावर पोट असलेल्या घरांनी मोजली. उसनवारी करून रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि रिपोर्टवर लाल अक्षरे दिसली की झोप उडाली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तरी विषाणू गेलेला नाही, आणि सीआरपी, डी-डायमर या तपासण्या आता इतर आजारांतही लिहून दिल्या जातात. म्हणून हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे आपण शांतपणे समजून घेतले पाहिजे.

विषाणूचा आकडा

आरटीपीसीआर यंत्र नमुन्यातील विषाणूच्या जनुकीय अंशाच्या प्रती काढते. प्रत्येक फेरीत प्रती साधारण दुप्पट होतात. कितव्या फेरीत विषाणू ‘दिसला’, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. वीसाव्या फेरीत दिसलेला विषाणू तिसाव्या फेरीत दिसलेल्यापेक्षा सुमारे हजारपट जास्त असतो, कारण मधल्या दहा फेऱ्यांत दहा वेळा दुप्पट होते.

पण स्वॅब नीट घेतला नाही, नमुना वाटेत तापला, किट बदलले, तर हाच आकडा बदलतो. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२१ मध्ये स्पष्ट केले की, ३५ किंवा त्याहून कमी सीटी असलेला रुग्ण बाधित समजावा. हा आकडा २४ वर आणला तर अनेक संसर्गजन्य रुग्ण सुटतील. सीटी व्हॅल्यूवरून आजाराची तीव्रता ठरवता येईल असा भरवशाचा पुरावा नाही, हेही परिषदेने सांगितले. सीटी १६ असलेला तरुण आठवड्यात बरा होऊ शकतो आणि सीटी ३० असलेल्या वृद्धाला ऑक्सिजन लागू शकतो.

याचे कारण काळात आहे. नाक-घशातील विषाणू लक्षणे सुरू होण्याच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि मग उतरू लागतो. ज्यांचा आजार बळावतो, त्यांची प्रकृती बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर ढासळते. तोवर विषाणू कमी होत असतो. हानी करत असते ती शरीराची स्वतःचीच भडकलेली प्रतिकारशक्ती.

रक्ताचे आकडे

ही भडकलेली आग रक्तात दिसते. शरीरातील पेशी ‘इंटरल्यूकिन-६’ नावाचे रसायन सोडतात. त्याच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी हे प्रथिन तयार करते. फेरिटिन वाढते. रक्तात गुठळ्या होऊन विरघळू लागल्या की डी-डायमर वाढतो. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी होतात. हे तर साध्या सीबीसी तपासणीतही कळते.

मात्र यातला एकही आकडा फक्त कोरोनाचा नाही. सीआरपी न्यूमोनियातही वाढतो, पिकलेल्या गळवातही. डी-डायमर गरोदरपणात, शस्त्रक्रियेनंतर आणि उतारवयात वाढलेला असू शकतो. फेरिटिन हा शरीरातील लोहाचाही माप आहे. ज्या भगिनींच्या अंगात लोह कमी आहे त्यांचे फेरिटिन मुळातच कमी असते, त्यामुळे दाह असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ वाटू शकतो. शिवाय प्रयोगशाळेगणिक एकके वेगळी असतात. दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

आकडा एकटा निर्णय देत नाही

ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने चालवलेल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले की, डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही. औषध तेच, पण वेळ चुकली तर उपयोग नाही. त्याच चाचणीत टोसिलिझुमॅब हे इंटरल्यूकिन-६ ला अडवणारे महागडे औषध देताना दोन अटी एकत्र होत्या : ऑक्सिजनची पातळी ९२ पेक्षा कमी (किंवा ऑक्सिजन सुरू) आणि सीआरपी किमान ७५. नुसता सीआरपी पुरेसा धरला नव्हता.

आपल्याकडे मात्र सीआरपी थोडा वाढला म्हणून पहिल्या चार दिवसांतच घरी स्टेरॉइड सुरू झाल्याची उदाहरणे घडली. स्टेरॉइडने रक्तातली साखर वाढते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही २०२१ मधील काळ्या बुरशीच्या, म्हणजे म्युकरमायकोसिसच्या, साथीची मोठी कारणे होती. बाबासाहेबांनी आयुष्याची अखेरची वर्षे मधुमेहाशी झुंजत काढली. हा आजार आज आपल्या घराघरांत आहे. त्यामुळे हा धडा आपण विसरता कामा नये.

आधी काय पाहावे?

ऑक्सिजनची पातळी, श्वासाचा वेग आणि तापाचे दिवस. बसून पाच मिनिटे विसावा घ्या, बोटाची मेंदी-नेलपॉलिश काढा, हात गार असल्यास चोळून गरम करा, मग ऑक्सिमीटर लावा. पातळी ९४ च्या खाली गेली, मिनिटाला २४ किंवा अधिक श्वास लागत असले, छातीत दाब जाणवला, रुग्ण गुंगीत गेला किंवा मोठा ताप पाच दिवसांपेक्षा जास्त टिकला, तर रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठा. आधीच धाप लागत नसेल तर सहा मिनिटे चालून पुन्हा मोजा. पातळी ३ किंवा अधिक अंकांनी घसरली तरी डॉक्टरांना दाखवा.

इथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या संशोधकांनी दाखवले की, ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांपेक्षा सुमारे तिप्पट होते. यंत्राचा प्रकाश सावळ्या त्वचेतून जाताना आकडा फुगू शकतो. आपल्यासारख्या सावळ्या माणसांनी म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पातळी उतरते आहे का ते पाहावे, आणि दम लागत असेल तर यंत्रापेक्षा शरीरावर विश्वास ठेवावा.

सौम्य आजारात, ऑक्सिजन चांगला असताना, सीआरपी-डी-डायमर रोज करण्याची गरज नसते. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली तर नम्रपणे विचारा : ‘याचा आकडा वाढला तर उपचार बदलणार आहे का?’ हा प्रश्न विचारणे रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. कर्ज काढण्याआधी तिथे जावे.

केवळ ऐकीव आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. रिपोर्टच्या बाबतीतही हीच दृष्टी हवी. प्रत्येक विहारात एक चांगला ऑक्सिमीटर, एक थर्मामीटर आणि वरील धोक्याच्या खुणा लिहिलेला एक फलक असावा. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे एखाद्या परिचारिका भगिनीने किंवा आशा ताईने ते वापरून दाखवावे. खर्च थोडा आहे, पण रात्री-अपरात्री एखाद्या घराला योग्य वेळी दवाखाना गाठायला त्याची मोठी मदत होईल.